मधला मुक्काम

प्रवासाहून आलेल्या माणसाला आपण दोनच प्रश्न विचारतो: कोठे गेला होता, आणि परत केव्हा आलात? मध्ये कोठे थांबला होता, हे सहसा कोणी विचारीत नाही. मधला थांबा हा प्रवासाच्या हिशेबात खर्चाच्या बाजूला पडतो. गाडी बदलण्यासाठी फलाटावर काढलेले चार तास, शेवटची एसटी चुकल्यामुळे स्टँडवर घालवलेली रात्र, विमानतळाच्या खुर्चीत अवघडून काढलेला दिवस, या सर्वांना आपण एकच नाव देतो: फुकट गेलेला वेळ. अलीकडे मात्र हा फुकटचा वेळ कारणी लावण्याचे एक नवे शास्त्र निघाले आहे, आणि त्या शास्त्रामुळेच एक जुना नीतीचा प्रश्न माझ्यापुढे नव्याने उभा राहिला. तो प्रश्न असा, की जे गाव आपल्या मुक्कामाचे नाही, जेथे आपण केवळ पुढे जाण्यासाठी थांबलो आहोत, त्या गावाचे आपण काही देणे लागतो काय?

प्रश्न उभा राहिला तो एका शब्दावरून. माझा एक जुना विद्यार्थी जर्मनीत नोकरीला असतो. मागल्या खेपेस घरी येताना त्याला इस्तंबूलला विमान बदलायचे होते आणि मध्ये सात तास मोकळे होते. तेथली विमान कंपनी अशा प्रवाशांना आपल्या खर्चाने बसमध्ये बसवून शहर दाखवून आणते. सिंगापूरच्या विमानतळावरही अशीच सोय आहे. गावी आल्यावर तो मला भेटायला आला आणि मोठ्या उत्साहाने म्हणाला, "सर, सात तासांत अख्खे इस्तंबूल वसूल केले!" मग त्याने फोनवरची छायाचित्रे दाखवली. त्यांत हागिया सोफिया होती. इ. स. ५३७ मध्ये बांधून पुरी झालेली ही वास्तू आधी चर्च होती, १४५३ नंतर मशीद झाली, १९३५ मध्ये संग्रहालय झाली आणि २०२० पासून पुन्हा मशीद आहे. पंधराशे वर्षांच्या या उलाढालीला त्याच्या सात तासांतली वीस मिनिटे मिळाली होती. मुलगा हुशार आहे, रसिक आहे. त्याला हिणवण्यासाठी मी हे सांगत नाही. त्याच्या जागी मी असतो, तर त्या बसमध्ये खिडकीजवळची जागा धरण्यासाठी मीही धावलो असतो.

तो गेला, पण त्याचा तो 'वसूल' शब्द माझ्यापाशी राहिला. हा शब्द आपल्याकडे तलाठ्याच्या आणि सावकाराच्या तोंडचा. सारा वसूल होतो, कर्ज वसूल होते. ज्याचे येणे असते तोच वसूल करतो. मग इस्तंबूलकडे या मुलाचे काय येणे होते? तिकिटाचे पैसे त्याने कंपनीला दिले होते, शहराला नव्हेत. तरीही त्या शहरात उतरताना तो येणेकरी म्हणून उतरला, आणि आपले येणे चुकते झाले अशा समाधानाने विमानात बसला. आपण सारेच आताशा असे येणेकरी झालो आहोत. गावात पाय ठेवण्यापूर्वीच त्या गावाने आपल्याला काय काय दाखवले पाहिजे याची यादी आपल्या खिशात असते, आणि यादीतले एखादे स्थळ दुरुस्तीसाठी बंद निघाले तर गावाने आपल्याला फसवले असे वाटते.

हा विचार माझ्या मनात इतका घर करून बसला, त्याला कारण मी राहतो ते गाव. नंदुरबार हे फार जुन्या काळापासून वाटेवरचे गाव आहे. सुरतेच्या बंदरात उतरलेला माल बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याकडे जाई, तो या वाटेने. पुढे १९०० च्या सुमारास तापीच्या खोऱ्यातून सुरतेहून लोहमार्ग आला, तोही साधारण याच वाटेने. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळे होऊन आम्ही जिल्ह्याचे ठिकाण झालो. पण लांबच्या गाडीतल्या उतारूला त्याचे काय? त्याच्या लेखी आम्ही म्हणजे खिडकीतून दिसणारी एक पिवळी पाटी आणि चहाचा एक पेला. ज्याला येथे गाडी बदलायची आहे किंवा पुढची एसटी धरायची आहे, तो फार तर तीन-चार तास आमचा असतो. म्हणजे इस्तंबूलच्या त्या बसकडे प्रवासी ज्या खिडकीतून पाहतात, तिच्या बाहेरच्या बाजूस आम्ही उभे आहोत. थांब्याच्या नीतीचा विचार बहुधा प्रवाशाच्या बाजूने होतो. तो गावाच्या बाजूने करून पाहण्यास आमच्याइतकी सोयीची जागा दुसरी क्वचितच असेल.

आमच्याकडे थांबून गेलेल्यांत सर्वांत नामांकित पाहुणा म्हणजे इब्न बतूता. १३४२ साली महंमद तुघलकाने त्याला चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून पाठवले. मोठा नजराणा बरोबर घेऊन तो दिल्लीहून निघाला, दौलताबादेस आला आणि तेथून खंबायतकडे जाताना नंदुरबारास थांबला. माझे शाळेतले शिक्षण मॅट्रिकपाशीच संपले आणि पुढचे सारे वाचनालयाने केले. त्या वाचनालयात ज्या दिवशी या मोरोक्कोच्या माणसाच्या प्रवासवृत्तात मला आमच्या गावाचे नाव सापडले, त्या दिवशी मी दुपारचा डबा खाण्याचेही विसरलो. काय लिहिले आहे त्याने? किल्ला नाही, देऊळ नाही, बाजाराचे वर्णनही नाही. हे एक लहान गाव आहे आणि येथे मराठे लोक राहतात, एवढे सांगून तो एकदम माणसांकडे वळतो. हे लोक कलाकुसरीत निपुण आहेत, वैद्यकी आणि ज्योतिष जाणतात. भात, भाजी आणि तिळाचे तेल हे त्यांचे अन्न. जनावराला इजा करणे त्यांना आवडत नाही. जेवण्यापूर्वी ते स्वच्छ स्नान करतात. सात पिढ्यांच्या आतल्या नात्यात सोयरीक करीत नाहीत. मद्य पीत नाहीत. बस्स, एवढेच.

पुढे त्याच्या वकिलातीचे काय झाले ते प्रसिद्ध आहे. कालिकतच्या किनाऱ्यावर वादळात गलबते फुटली आणि बादशहासाठी नेलेला नजराणा समुद्रात गेला. तेरा-चौदा वर्षांनी आपल्या देशी परतून त्याने हा सारा वृत्तांत तोंडी सांगून लिहवून घेतला, तेव्हा त्याच्या डोक्यात आमच्या गावचे तिळाचे तेल अजून शिल्लक होते. ज्यासाठी निघाला ते बुडाले आणि वाटेवरच्या एका पंगतीतला स्वाद तेवढा टिकला. थोडक्या वेळात एखाद्या गावाला आपण काय देऊ शकतो, याचे एक उत्तर मला येथे दिसते. त्याने आम्हांला आपले लक्ष दिले. आम्ही काय खातो, कसे आंघोळ करतो, सोयरीक कोठे जमवतो, हे त्याला पाहण्याजोगे वाटले.

तथापि हे उत्तर जसेच्या तसे स्वीकारण्यात एक अडचण आहे, आणि ती नजरेआड करणे बरे नव्हे. इब्न बतूताच्या या वर्णनात आमच्या आजच्या जेवणातली भाकरी कोठेच नाही. पाहुण्याच्या पानात भात वाढला गेला आणि त्यावरून त्याने गावाचे अन्न ठरवले, असे असू शकेल. गावातले मानकरी म्हणून त्याला ब्राह्मण आणि क्षत्रिय दिसले. पण आमच्या गावावरून उत्तरेकडे पाहिले की सातपुडा दिसतो, आणि त्या डोंगरांत भिल्लांची वस्ती त्याही काळी होतीच. ती त्याच्या टिपणात नाही. लक्षपूर्वक पाहणाऱ्या पाहुण्यालाही रस्त्यावरचीच घरे दिसतात, आणि त्यांतली जी त्याला आत बोलावतात तेवढीच आतून दिसतात. म्हणून थोड्या वेळात जे पाहिले त्याला 'गाव' म्हणण्याचा हक्क कोणालाच पोचत नाही. मग तो इब्न बतूता का असेना.

आणखी एक अडचण आहे, ती माझ्या मूळ तक्रारीलाच छेद देणारी. वसुलीची दृष्टी वाईट आणि लक्ष देण्याची दृष्टी चांगली, अशी सोपी वाटणी मी मनाशी करून टाकली होती. ती ताव्हर्निएने मोडली. हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात सुरतेहून बऱ्हाणपुराकडे याच वाटेने गेला. तो पक्का व्यापारी. मजलांची अंतरे कोसांत मोजायची आणि कोणत्या गावी काय विकत मिळते ते लिहून ठेवायचे, ही त्याची रीत. नफा-तोट्यापलीकडे पाहण्याची त्याच्याकडून कोणी अपेक्षा करणार नाही. पण आमच्या जिल्ह्यातल्या नवापुराशी आल्यावर हाच माणूस तेथल्या तांदळाविषयी लिहितो, की त्याचा दाणा नेहमीच्या तांदळाच्या निम्मा, शिजला म्हणजे बर्फाहून पांढरा, आणि त्याला कस्तुरीसारखा वास येतो. इराणात कोणाला मानाची भेट द्यायची तर या तांदळाचे पोते नेतात. आमच्याकडच्या भाताची अशी वाखाणणी एखाद्या कवीलाही सुचली नसती. नफा शोधायला आलेल्या माणसाने भाताचा वास घेतला! तेव्हा दोष हिशेब करण्यात नाही. व्यापारी हिशेब करील, उतारू घड्याळ पाहील, ते योग्यच आहे. दोष आहे तो हिशेब पुरा झाला की गावही पुरे झाले असे मानण्यात. ताव्हर्निए थांबला तो आपल्या कामापुरता, पण पानातल्या भाताला त्याने स्वतःहून मोठे म्हटले.

आता कोणी म्हणेल, की गुरुजी, हे सगळे ठीक. पण दमलेल्या माणसाने प्रतीक्षालयात तीन तास झोप काढली तर त्यात पाप ते कोणते? काहीच नाही. झोपलेला माणूस निदान गाव पाहिल्याचा दावा करीत नाही. आणि ज्याला उठून पाहायचे आहे, त्याला सारे पाहण्याची गरज नाही, एवढेच माझे सांगणे. आमच्याच गावाचे उदाहरण घ्या. ऐन हंगामात आलात, तर गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या दिसतील. एकरच्या एकर जमीन तांबडी झालेली आणि तीवर डोक्याला फडकी बांधून वेचणाऱ्या बाया. छायाचित्र सुरेखच येते. पण पाच मिनिटे तेथे उभे राहा. ठसका लागेल, डोळ्यांना पाणी येईल, आणि या बाया येथे दिवसभर बसतात हे तुमच्या डोळ्यांनाच कळेल. छायाचित्रात तो ठसका येत नाही. एखाद्या गावाची एवढी एक गोष्ट अंगाला लागली, तरी मधला मुक्काम सार्थकी लागला असे मी म्हणेन.

किंवा माणिक चौकात या. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर येथे गोळीबार झाला. शिरीषकुमार मेहता तेव्हा पुरता सोळा वर्षांचाही नव्हता. त्याच्याबरोबर लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम हे चौघे गेले. स्मारक पाहण्यास दोन मिनिटे पुरतात, आणि यादी घेऊन आलेला प्रवासी दोन मिनिटांतच निघतो. मी दरसाल वर्गात ही हकीकत सांगतो तेव्हा समोर बसलेली मुले त्याच वयाची असतात, आणि तारीख सांगून झाल्यावर मी त्यांना त्या मुलाचे वय मोजायला लावतो. वजाबाकी पुरी झाली की वर्गात शांतता पसरते. त्या चौकात आलेल्या परक्या माणसाने एवढी वजाबाकी केली, आपल्या घरच्या सोळा वर्षांच्या मुलाची आठवण केली, तर गावाचे त्याच्याकडे काही बाकी उरत नाही. बाकी इतिहास त्याने नाही वाचला तरी चालेल.

येथवर मी ज्या थांब्यांविषयी बोललो ते सारे निघून जाण्याची खात्री असलेल्यांचे थांबे होते. खिशात पुढचे तिकीट असते, म्हणूनच मधल्या शहराची मौज वाटते. हे तिकीट काढून घेतले तर काय होते, ते वरसईच्या गोडसे भटजींनी आपल्याला सांगून ठेवले आहे. १८५७ साली दक्षिणेच्या आशेने ते उत्तरेत निघाले, बंडात सापडले, आणि १८५८ मध्ये इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा ते त्या शहरात होते. झाशी पाहण्यासाठी ते गेले नव्हते. शहर पडले, लुटले गेले, आणि त्या लुटीत ते लोकांबरोबरच जीव मुठीत धरून राहिले. १८८३ मध्ये त्यांनी लिहिलेला आणि १९०७ मध्ये छापून आलेला 'माझा प्रवास' आजही आपण वाचतो, त्याचे कारण मला असे दिसते, की काही दिवसांपुरता हा माणूस त्या शहराचा उतारू राहिला नव्हता. शहराचे जे होईल ते त्याचे होणार होते. इतिहास पाहणे आणि इतिहासात सापडणे यांत एवढे अंतर आहे. ज्याला केव्हाही निघता येते त्याने हे अंतर विसरता कामा नये.

आणि हे अंतर पाहण्यासाठी झाशीपर्यंत जाण्याचेही कारण नाही. दिवाळीची सुट्टी संपत आली, की आमच्या स्टेशनावर आणि स्टँडवर माणसांचे घोळके बसलेले दिसतात. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या भागांतली ही कुटुंबे. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती फेडण्यासाठी दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जायचे असते. काही ट्रकमधून जातात, काही गाडीने. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. पोरांना कोणी मोजीत नाही. पत्र्याची पेटी, गोधड्यांचे गाठोडे, पातेली, एखादी कोंबडी, आणि गाठोड्यावर झोपलेले मूल. हीही माणसे वाटच पाहत असतात. यांच्यापाशीही तीन-चार तास असतात. पण त्या वेळाचे सोने कसे करावे याचा सल्ला त्यांना कोणी देत नाही. सुट्टीनंतर मी हजेरी घेतो तेव्हा काही नावांपुढे कोणी 'हजर' म्हणत नाही. पुढचे नाव घेण्यापूर्वी मी किंचित थांबतो. तो थांबाही मग वर्षभर सवयीचा होतो. ज्यांना जमते ते होळीला परततात, कारण होळी चुकवणे सातपुड्यातल्या माणसाला जड जाते. मग पुन्हा दिवाळी येते. शेत आणि उसाचा फड यांच्यामध्ये त्यांचे आयुष्य हाच एक मधला मुक्काम झालेला असतो.

इब्न बतूताच्या टिपणात डोंगरातला माणूस आला नाही, याचे मला फारसे आश्चर्य वाटत नाही. तो डोंगरात होता आणि पाहुणा रस्त्यावर. पण आज तो त्याच फलाटावर, त्याच बाकाशेजारी बसला आहे, आणि तरीही गाव पाहून आलेल्या उतारूच्या सांगण्यात तो येत नाही. मिरचीच्या पथाऱ्या येतात, स्मारक येते, स्टेशनाबाहेरचा चहा येतो; शेजारी बसलेले कुटुंब येत नाही, कारण ते यादीत नसते. वसुलीच्या दृष्टीतला खरा दोष मला येथे सापडतो. यादीत नसलेले तिला दिसतच नाही, आणि माणसे बहुधा यादीत नसतात.

आपल्या परंपरेत या थोड्या वेळाच्या माणसाला एक फार सुंदर नाव आहे. जो एकच रात्र राहतो, ज्याचे राहणे कायमचे नाही, तो अतिथी, असे स्मृतिकारांनी सांगितले. त्याचा मान तो किती दिवस राहतो यावर ठेवला नाही; तो जाणार आहे, म्हणूनच ठेवला. वारीतही पाहा. आळंदीहून निघालेली पालखी पुण्यात आणि सासवडला दोन-दोन रात्री थांबते, पुढे गावोगाव मुक्काम करीत जाते. आणि मधले ते दिवस फुकट गेले असे कोणा वारकऱ्याच्या मनातही येत नाही. त्या त्या गावाला तो एक दिवस वर्षाच्या साऱ्या दिवसांत मोठा असतो. अतिथीला पाणी द्यावे, आसन द्यावे, अन्न द्यावे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले गेले. अतिथीने काय द्यावे, हे मात्र फारसे शिकवले गेले नाही. कदाचित ज्यांनी हे नियम केले त्यांना ते सांगण्याची गरज वाटली नसेल. ज्या घराचे पाणी प्यायलो त्या घरातल्या माणसांकडे पाहिल्यावाचून उठायचे नसते, हे तेव्हा सर्वांना ठाऊक असेल.

म्हणून माझ्या विद्यार्थ्याला पुन्हा कधी सात तास मिळाले, तर त्याने ते विमानतळावर बसून काढावे असे मी सांगणार नाही. त्याने जरूर बाहेर पडावे, त्या बसमध्ये बसावे, हागिया सोफियाही पुन्हा पाहावी. फक्त परत आल्यावर मी त्याला शहराविषयी काही विचारणार नाही. बस चालवणारा कोणत्या गावचा होता, एवढेच विचारीन. त्याला ते सांगता आले, तर इस्तंबूलचे देणे त्याने थोडेतरी फेडले असे मी समजेन.